गुण सांगून गप्प बसणाऱ्या सरांना खुलं पत्र

मा. सर,


चाळीस प्रश्न, चाळीस मिनिटं. शेवटचं बटण दाबलं की पडद्यावर आकडा उमटतो: 40 पैकी 23. मुलगी त्या आकड्याकडे बघत असतानाच पडदा बंद होतो. कोणते 17 प्रश्न चुकले ते तिला कळत नाही, आणि का चुकले ते तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर रोल नंबरांची यादी लागते, तिच्यातही तेच 23. तुमच्या लेखी काम संपलं. या प्रकाराला तुम्ही ‘मूल्यमापनाचं आधुनिकीकरण’ म्हणता आणि वार्षिक अहवालात कॉम्प्युटर लॅबच्या फोटोसकट छापता. फोटो झकास येतो. त्यात मुलीचा चेहरा दिसत नाही, एवढीच काय ती सोय.

आधीच सांगतो, हे पत्र धाराशिवच्या किंवा दुसऱ्या कोणत्या एका मेडिकल कॉलेजातल्या कुणा एकाला लिहिलेलं नाही. तुम्ही सगळीकडे आहात. सरकारीत आहात, खासगीत आहात, काल उघडलेल्या कॉलेजात आहात आणि जुन्या नामवंत कॉलेजातही आहात. पण हे पत्र धाराशिवहून लिहायला कारण आहे. आमच्या जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं ते 2022 मध्ये. एमबीबीएसच्या 100 जागा, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. त्याआधी डॉक्टर व्हायचं तर इथल्या पोरांनी जिल्हा सोडायचा, आणि पेशंट हाताबाहेर गेला की नातेवाइकांनी गाडी करून सोलापूर, लातूर नाहीतर अंबाजोगाई गाठायचं, हीच रीत होती. केंद्र सरकारनं 2018 मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, तिच्यात आमचं नाव आहे. अशा जिल्ह्याला डॉक्टर कसे घडतात हे विचारायचा पुरेपूर हक्क आहे. उद्या परंड्याच्या, भूमच्या, लोहाऱ्याच्या आरोग्य केंद्रात रात्रपाळीला एकटा बसणारा डॉक्टर कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून, तुमच्याच हाताखालून गेलेला असणार आहे.

तुमचा गुन्हा नेमका काय, ते एका प्रश्नावरून दाखवतो. श्रावणातली पहाट. सोयाबीनच्या रानात पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर झोपलेली 35 वर्षांची बाई पोटदुखीनं उठते. उलटी होते. दवाखान्यात आणेपर्यंत पापण्या जड होऊन खाली येऊ लागतात. अंगावर कुठे सूज नाही, जखम दिसत नाही. 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी नॉर्मल आहे. पुढे काय कराल? पर्याय अ: पोटदुखी आहे, सर्जनला दाखवा. पर्याय ब: सूज नाही म्हणजे विषारी साप नाही, नुसतं लक्ष ठेवा. पर्याय क: रक्त गोठतंय, प्रतिविषाची गरज नाही. पर्याय ड: मण्यारीचा दंश धरून प्रतिविष सुरू करा आणि श्वास थांबला तर आधार देण्याची तयारी ठेवा.

उत्तर ड. तुमच्या यादीत अ, ब आणि क लिहिणारे तिघंही एकाच मापानं चुकले, तिघांनाही शून्य. पण सर, या तीन चुका एक नाहीत. अ लिहिणाऱ्याच्या मनात साप आलाच नाही. ब लिहिणाऱ्यानं घोणस आणि नागाच्या दंशाची सूज पाठ केली आणि तीच खूण सगळ्या सापांना लावली. क लिहिणाऱ्यानं चाचणी नीट वाचली, पण ती घोणस-फुरशाच्या विषासाठी आहे, मण्यारीच्या नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मण्यारीचं विष मज्जातंतू स्नायूला जिथे भेटतो तिथे मारा करतं. दंशाची जागा अनेकदा सापडतसुद्धा नाही. आधी पापण्या पडतात आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर श्वासाचे स्नायू जातात. तिघांना तीन वेगळी वाक्यं सांगायला हवी होती, आणि उत्तर दिल्या क्षणी ती प्रत्येकाच्या पडद्यावर आणणं कॉम्प्युटरला सहज जमतं. कागदावर शंभर मुलांना शंभर खुलासे लिहून देणं एका मास्तराला जन्मात जमलं नसतं. मशीनची खरी करामत ही होती. तुम्ही तिच्याकडून बेरीज करून घेतली. बेरीज तर तुमचा क्लार्कही करत होता.

तुम्ही म्हणाल, परीक्षेत चुकला तर चुकला, पुस्तक उघडून बघेल. उघडत नाही सर, आणि गोष्ट तिथेच थांबतही नाही. परीक्षा देणं हेच शिकण्याचं मोठं साधन आहे, हे अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवलं. तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात तो आठवड्यानंतर जास्त राहिला. पण बहुपर्यायी प्रश्नांची दुसरी बाजूही याच रोडिगर यांनी 2005 मध्ये मार्श यांच्यासोबत मांडली. चुकीचे पर्याय वाचून, त्यातला एक निवडून विद्यार्थी चुकीची माहितीच खरी म्हणून घरी घेऊन जातो. 2008 मध्ये बटलर आणि रोडिगर यांनी त्यावरचा उपायही दाखवला: उत्तरानंतर फीडबॅक द्या, म्हणजे हा अपाय कमी होतो आणि फायदा वाढतो. आता तुमच्या लॅबकडे बघा. क पर्याय निवडून, तो चुकला हे न कळता बाहेर पडलेला मुलगा त्या चाळीस मिनिटांत काय शिकला? मण्यार चावलेल्या माणसाचं रक्त गोठत असेल तर प्रतिविष देऊ नये, हे. ते तुम्ही शिकवलंत. तुमच्या परीक्षेनं शिकवलं.

उत्तरांना कुलूप लावायची ही सवय तुम्ही कुठून उचललीत तेही उघड आहे. पीजी प्रवेशाची नीट 2013 च्या प्रवेशापासून कॉम्प्युटरवर होते. आता 200 प्रश्न, 800 गुण, बरोबरला चार, चुकीला उणे एक. उमेदवाराला मिळतो तो गुणांचा आणि क्रमांकाचा कागद. प्रश्न त्याला पुन्हा दिसत नाहीत. पारदर्शकतेसाठी डॉक्टर पोरं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, तेव्हा ऑगस्ट 2025 मध्ये परीक्षा मंडळानं उत्तरतालिका द्यायचं जाहीर केलं, पण प्रश्नांच्या ओळख क्रमांकापुढे, प्रश्न नाहीतच. प्रश्नपेढी पुढच्या वर्षी वापरायची आहे म्हणून ती झाकायची, ही मंडळाची बाजू मला समजते. ती परीक्षा निवड करण्यासाठी आहे. ती रांग लावते, आणि रांगच लावते. 2023 मध्ये रिकाम्या जागा भरायच्या म्हणून पात्रतेचा पर्सेंटाइल थेट शून्यावर आणला गेला, तेव्हा त्या आकड्याचा डॉक्टरकीशी संबंध किती ते साऱ्या देशानं पाहिलं. तुमची इंटर्नल, म्हणजे कॉलेजातली अंतर्गत परीक्षा, मात्र रांग लावायला नाही. ती मूल शिकतंय की नाही हे बघायला आणि चुकत असेल तर हात धरून वळवायला आहे. निवड परीक्षेचं कुलूप उचलून तुम्ही वर्गाच्या दाराला लावलंत, आणि त्याला ‘गोपनीयता’ हे भारदस्त नाव दिलंत. दुसऱ्या वर्षाच्या फार्मॅकोलॉजीच्या चाचणीत कसली आली गोपनीयता?

आता लॉगबुकाकडे येऊ. 2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमतांवर आधारलेला झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं लॉगबुकाचा नमुना दिला. त्यातले रकाने बघितले तर ते तयार करणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. कौशल्य पहिल्यांदा केलं, पुन्हा केलं की रेमेडियल म्हणून केलं. अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकं की जास्त. काम पूर्ण झालं, पुन्हा करायचं की रेमेडियल लागेल. शिक्षकाची सही आणि तारीख. आणि अगदी शेवटी एक रकाना: फीडबॅक मिळाला. त्या रकान्यात सही करायची ती शिक्षकानं नाही, विद्यार्थ्यानं. नियम करणाऱ्यानं विचार केला होता: मिळाला की नाही हे देणारा कसा सांगेल, घेणाराच सांगेल.

तुम्ही या रकान्याचं काय केलंत? तपासणीची तारीख आली की एका दुपारी लॉगबुकांचा ढीग टेबलावर. तुमच्या पेनाचा वेग बघण्यासारखा. सगळीकडे ‘अपेक्षेइतकं’, सगळीकडे ‘पूर्ण’, सहा महिन्यांच्या तारखा एकाच शाईत. शेवटच्या रकान्यात मुलांनी आधीच सह्या करून ठेवलेल्या, कारण तुम्हीच ‘सह्या करून आणा’ म्हणून निरोप धाडलेला. मुलं करतात. न करून सांगतात कुणाला? इंटर्नलमध्ये थिअरी आणि प्रॅक्टिकल मिळून 50 टक्के आणि वेगवेगळे किमान 40 टक्के नसतील तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. ते गुण तुमच्या हातात. न मिळालेल्या गोष्टीची पोच एकविसाव्या वर्षी भीतीपोटी द्यायला लावलेला मुलगा उद्या केसपेपरवर न केलेल्या तपासणीची नोंद करणार नाही, याची हमी तुम्ही देता? तुम्ही त्याला खोटी नोंद करायला शिकवलंत. लॉगबुकात हे कौशल्य क्रमांकासह लिहिलेलं नाही, पण सगळ्यात पक्कं तेच झालं.

तुमच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं नाही. शिक्षकांची पदं रिकामी आहेत. ओपीडी, वॉर्ड, कोर्टाच्या तारखा, तपासण्या, माहिती भरायचे फॉर्म. मे 2025 पासून तर आयोगानं चेहरा दाखवून आधार हजेरी लावायला सांगितली. तुम्ही आलात का, हे यंत्र रोज बघतं. तुम्ही कुणाला काही सांगितलंत का, हे कुठलंच यंत्र बघत नाही. माणसं कमी आहेत हे शंभर टक्के खरं. पण म्हणूनच तर कॉम्प्युटर हवा होता. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे दोन ओळी एकदा लिहिल्या की त्या दर बॅचला, रात्री अकरा वाजता हॉस्टेलच्या खोलीतही, तुमची वाट न बघता मुलापर्यंत जातात. त्यासाठी कोट्यवधींची लॅब लागत नाही. फुकटचा गुगल फॉर्मसुद्धा बरोबर आणि चूक उत्तराला वेगळा खुलासा दाखवतो. ती सोय तुमच्याच फॉर्ममध्ये आहे. तुम्ही ती रिकामी ठेवता.

तेव्हा वेळ नाही हे पूर्ण कारण नव्हे. खरं कारण मी सांगतो: तुम्हाला आरशाची भीती वाटते. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेचा अहवाल मुलांच्या चुका दाखवतो तशा तुमच्याही दाखवतो. वर्गातले वरचे आणि खालचे असे साधारण 27-27 टक्के विद्यार्थी घ्यायचे आणि एकेका प्रश्नाला कोणी काय उत्तर दिलं ते बघायचं, ही प्रश्न-विश्लेषणाची जुनी पद्धत आहे. प्रश्न चांगला असेल तर वरच्या गटात जास्त जण बरोबर येतात. हुशार मुलं जास्त चुकली आणि मागची जास्त बरोबर आली, तर प्रश्नाची भाषा संदिग्ध आहे किंवा तुमची उत्तरतालिकाच चुकली आहे. आख्खा वर्ग एकाच चुकीच्या पर्यायावर गेला, तर ती गोष्ट वर्गात एकतर शिकवली नाही किंवा चुकीची शिकवली. निकाल उघडा केला की हे एचओडींना दिसेल आणि मुलांनाही दिसेल. म्हणून फक्त आकडा. आकड्यात फक्त मूल नापास होतं.

याहून धोक्याची एक माहिती तुम्ही गोळाच करत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात टोनी गार्डनर-मेडविन यांनी मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी गुणपद्धत आणली. प्रत्येक उत्तरासोबत मुलानं आपली खात्री एक, दोन की तीन ते सांगायचं. बरोबर आलं तर तितके गुण. चुकलं तर, खात्री सगळ्यात कमी असेल तर शून्य, मधली असेल तर उणे दोन, आणि पुरती असेल तर उणे सहा. कारण ज्याला आपल्याला येत नाही हे कळतं तो सिनिअरला फोन करतो, पुस्तक उघडतो, पेशंट वेळेवर पुढे पाठवतो. ज्याला येत नाही पण येतं असं वाटतं, तो पेशंट मारतो. तुमच्या 40 पैकी 23 मध्ये हे दोघं शेजारी शेजारी बसलेले आहेत आणि तुम्हाला ओळखू येत नाहीत.

हेही मान्य करतो की कॉम्प्युटर सगळं करू शकत नाही. जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये डॉक्टरच्या तयारीच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो. पडद्यावरचे प्रश्न पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत नेतात. तिसरीसाठी रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये मांडलेली ऑस्की पद्धत आहे: एकेका टेबलावर एकेक कृती, समोर ठरलेली यादी घेतलेला परीक्षक. चौथ्या पायरीसाठी वॉर्डात पेशंटच्या खाटेशी मुलाच्या शेजारी उभं राहणारा शिक्षकच लागतो. कॉम्प्युटरनं पहिल्या दोन पायऱ्यांचं ओझं उचललं की तुमचा वेळ तिथे मोकळा व्हावा, हा हिशेब होता. तुम्ही वेळ वाचवलात आणि खाटेशी गेलातच नाही.

गेलात तेव्हा जे बोललात त्याला फीडबॅक म्हणता येत नाही. ‘तुझ्यानं होणार नाही’, ‘मराठी मीडियमचा दिसतोस’, ‘कोणी दिली रे तुला सीट?’ क्लूगर आणि डेनिसी यांनी 1996 मध्ये फीडबॅकवरचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. त्यात एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी फीडबॅकनं काम सुधारण्याऐवजी बिघडलं होतं. बोलणं कामावरून घसरून माणसावर गेलं की असं होतं, हे त्यांचं स्पष्टीकरण. ‘बीपीचा कफ तू सैल बांधलास, म्हणून आकडा जास्त आला, पुन्हा बांध’ हे कामाबद्दल आहे. ‘तू बिनडोक आहेस’ यातून कफ कसा बांधायचा ते कळत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, इंग्रजी पुस्तकाशी झगडणारी पोरं पहिल्या वर्षी अशा दोन वाक्यांनी कायमची गप्प होतात. पुढे ती शंका विचारत नाहीत, आणि शंका न विचारणारा डॉक्टर कुणालाच परवडत नाही.

आपली चूक उघड्यावर मांडून तिच्यातून शिकणं या मातीला नवीन नाही. मराठवाड्यात, जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावसकर महाडच्या परिसरात विंचूदंशाच्या एकेका पेशंटची खाटेशी बसून नोंद करत राहिले. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपली निरीक्षणं मांडली. पुढे प्राझोसिनचा उपचार रुजला आणि लाल विंचवाच्या गंभीर दंशातले मृत्यू सुमारे 40 टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आले. उपचाराचा निकाल रोज स्वतःला विचारला म्हणून हे घडलं. आमच्याच तुळजापूर तालुक्यात, अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या साध्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. कमी शिकलेल्या बाईला गावाचं आरोग्य सांभाळायला शिकवायचं तर तिला ‘तुला 42 मार्क’ सांगून घरी पाठवून चालेल का? तिचं कुठे चुकलं ते तिच्या भाषेत, तिच्यासमोर सांगावंच लागतं. खेड्यातल्या बाईला जे द्यायला हवं, ते एमबीबीएसच्या मुलाला देताना तुमची जीभ का अडते?

म्हणून मागणी साधी आहे. पुढच्या इंटर्नलनंतर प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचे चुकलेले प्रश्न, बरोबर उत्तर आणि त्यानं निवडलेला पर्याय का चूक होता, हे दाखवा. इंग्रजीसोबत मराठीत दोन ओळी लिहिल्यात तर बिघडत काहीच नाही. ज्या प्रश्नावर अर्धा वर्ग चुकला तो आठवड्याच्या आत वर्गात पुन्हा घ्या. तीन-चार आठवड्यांनी तोच मुद्दा वेगळ्या पेशंटच्या रूपात पुन्हा विचारा आणि सुधारला का ते बघा. विश्लेषणात चुकीचा ठरलेला प्रश्न जाहीरपणे रद्द करा. तुमचा मान त्यानं वाढेल. लॉगबुकात सहीच्या शेजारी एक वाक्य लिहा, त्या मुलाबद्दलचं, त्या दिवसाचं. आणि फीडबॅकच्या रकान्यात न मिळालेल्याची सही पुन्हा कुणाकडूनही मागू नका.

हे सगळं आजच्या कॉम्प्युटरवर, आजच्या माणसांत, आजच्या नियमांत करता येतं. नवा जीआर लागत नाही, निधी लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. तेव्हा पुढची परीक्षाही तुम्ही आकडा दाखवून बंद केलीत, तर दोष यंत्रणेचा म्हणू नका. तो तुमचा असेल. गुण मोजायला आम्हाला शिक्षक नकोत, ते काम मशीन करतं. चूक दाखवून सुधारून घेणारा शिक्षक हवा आहे. तो व्हायचं नसेल, तर खुर्ची मोकळी करा.

कळावे,
धाराशिव जिल्ह्यातला एक नागरिक